पद्मिनी थंड ठेवणारे सामान : चिपळूणला बांधून घेतलेला रेडिएटर आणि त्यासोबतचे सुटे भाग

प्रीमियर पद्मिनी घाटात तापते, हा समज कोकणात इतका पक्का आहे की गाडी तापली म्हणजे ती बिघडली आहे असे कोणी मानतच नाही. वास्तविक १०८९ सीसीच्या या इंजिनाची पाणी फिरवण्याची व्यवस्था त्याच्या कामाला पुरेशी आहे. अपुरी पडते ती पंचवीस-तीस वर्षे साफसफाई न झालेली, रेडिएटरला चुकीची कॅप (झाकण) बसवलेली आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकलेली व्यवस्था. नवीन भाग निवडतानाही बहुतेक मालक आधी दिखाऊ वस्तूंकडे वळतात. माझ्या गाडीसाठी मी दोन रेडिएटर पडताळून पाहिले : एक बाहेरून मागवलेला तयार ॲल्युमिनियमचा आणि दुसरा मूळचाच, चिपळूणच्या एका रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानात नवा कोअर (मधला नळ्यांचा गाभा) घालून घेतलेला. त्यांच्यासोबत कॅप, थर्मोस्टॅट, होज पाइप आणि इलेक्ट्रिक पंखा यांचीही निवड करावी लागली.

ॲल्युमिनियमच्या रेडिएटरविषयी विक्रेत्याचा दावा असा होता की तो वजनाला हलका आहे आणि जास्त थंड ठेवतो. हलकेपणाबद्दल वाद नाही. परंतु धातू म्हणून तांबे उष्णता अधिक चांगली वाहून नेते. ॲल्युमिनियमचा फायदा नळ्या रुंद ठेवता येतात यात आहे, आणि तो फायदाही रेडिएटर त्या गाडीच्या मापाने घडवलेला असेल तरच पदरात पडतो. माझ्याकडे आलेल्या नगाची खालची नळी होज पाइपच्या मापापेक्षा जाड होती आणि बाजूच्या पट्ट्यांची भोके गाडीच्या भोकांशी जुळत नव्हती. विक्रेत्याने तो परत घेतला खरा, पण जाण्यायेण्याचा खर्च माझ्याच माथी मारला. माप जुळले असते तरी किनारपट्टीवर राहणाऱ्या माणसाला मी तो सुचवला नसता. खाऱ्या वाऱ्यातले क्षार ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतात, आणि अशी गळती लागलेला रेडिएटर नीट जोडून देणारा कारागीर तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाही. तांब्या-पितळेलाही खारी हवा सोडत नाही, पण त्याला डाख (कथलाचा सांधा) देता येतो, आणि डाख देणारी माणसे खेडपासून सावंतवाडीपर्यंत अजून आहेत.

चिपळूणच्या दुकानातले काम मी उभे राहून पाहिले. कारागिराने वरची टाकी तापवून सोडवली, तेव्हा नळ्यांच्या तोंडांवर विटकरी रंगाचा जाड थर दिसला. निम्म्याअधिक नळ्यांतून सळई पलीकडे जाईना. अशा वेळी नळ्या खरवडून देणे हा स्वस्त उपाय असतो, पण भिंती पातळ झालेल्या नळ्या त्या खरवडण्याने फुटतात. म्हणून त्याने नवा कोअर घालण्याचे सुचवले आणि ते योग्यच होते. टाक्या व बाजूच्या पट्ट्या मूळच्या राहिल्यामुळे बसवताना कुठेही ठोकाठोक करावी लागली नाही. शेवटी तोंडे बुचांनी बंद करून, आत हवा भरून, रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवला. एका कोपऱ्यात बुडबुड्यांची बारीक माळ उठली, तिथे पुन्हा डाख दिला आणि मगच माल ताब्यात मिळाला. एवढी तपासणी गिऱ्हाइकासमोर करणारे दुकान मला मोलाचे वाटते. खर्च ॲल्युमिनियमच्या नगापेक्षा बराच कमी आला. उणीव सांगायची तर दिलेली तारीख पाळली गेली नाही, आणि बाहेरचा काळा रंग इतका जाड मारला होता की नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांच्या (फिन) फटी काही ठिकाणी बुजल्या. रेडिएटरला रंग पातळच हवा, हे आधी बजावून ठेवावे. दुकानाच्या भिंतीवर जुलै २०२१ च्या पुराच्या पाण्याची रेघ अजून आहे. कोअर त्यानंतर आणलेला आहे ना, हेही विचारून घेतलेले बरे.

कॅप ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू होय. साधे पाणी १०० अंशांना उकळते. कॅपने धरून ठेवलेल्या दर पौंड (चौरस इंचावरच्या) दाबामागे उकळण्याची ही मर्यादा सुमारे दीड अंशाने वर जाते. म्हणजे सात पौंडांची कॅप नीट बसत असेल तर पाणी ११० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि तीच कॅप सैल असेल तर काटा लाल पट्ट्यात जाण्याआधीच पाणी बाहेर पडू लागते. यावर उपाय म्हणून नव्या गाड्यांची तेरा-पंधरा पौंडांची कॅप घालणे हा मात्र आगाऊपणा आहे, कारण तो दाब जुन्या टाकीच्या डाखांवर आणि हीटरच्या नळीवर येतो. मूळ कॅपवर जो आकडा कोरलेला असेल तोच घ्यावा. कॅपच्या मधोमध असलेली छोटी झडपही बोटाने ओढून पाहावी. इंजिन थंड होताना ती उघडली नाही तर होज पाइप आत चिंबतो.

थर्मोस्टॅटबद्दल मेकॅनिकांशी वाद घालण्याची तयारी ठेवावी लागते. “काका, आपल्याकडे कसली आलीय थंडी, काढून टाका तो,” हे वाक्य मी महामार्गावरच्या अनेक गॅरेजांत ऐकले आहे. थंडी नसली तरी इंजिनाला आपल्या तापमानावर लवकर यावेच लागते. पिस्टनच्या कडेने खाली निसटणाऱ्या वायूंत पाण्याची वाफ असते. ऑइल पुरेसे तापले तर ती ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातले वायू बाहेर सोडणाऱ्या, नळीवाटे निघून जाते, नाहीतर आतच थिजते. पावसाळ्यात गाव ते बाजार एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे ऑइलचे झाकण उघडून पाहावे : आतल्या बाजूला पिवळट साय धरलेली दिसते. ती पाहून हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालची सांधपट्टी) गेले, म्हणून ऑइलमध्ये पाणी शिरले, असे सांगणारेही भेटतात. रेडिएटरमधल्या कूलंटची (थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी कमी होत नसेल, तर हेड उघडण्याआधी ८२ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट बसवावा आणि ब्रीदरची नळी व तिच्यातली जाळी रॉकेलने धुऊन घ्यावी. ती नळी तुंबली तर आतला दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो, आणि मालक सील बदलत बसतो.

इलेक्ट्रिक पंखा मी घेतला नाही, आणि त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते. कुंभार्ली घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिन जोरात फिरत असते, म्हणून बेल्टवर चालणारा मूळ पंखाही जोरात फिरतो. तो अपुरा पडतो ते परशुराम घाटात वाहने खोळंबतात तेव्हा, म्हणजे इंजिन संथ फिरत असताना. अशा वेळी इलेक्ट्रिक पंखा उपयोगी पडेल खरा, पण ज्या पद्मिनीत अजून डायनामो आहे तिच्यात संथ फिरणाऱ्या इंजिनावर वीज जवळजवळ तयारच होत नाही आणि सगळा भार बॅटरीवर येतो. अल्टरनेटर असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हाही पंखा रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा असावा, कारण पुढे लावलेला पंखा धावत्या गाडीत येणारी हवाच अडवतो. त्याऐवजी मी पत्र्याचा काउल, म्हणजे मूळ पंख्याभोवतीचे कडे, करून घेतला. पात्यांची निम्मी रुंदी त्याच्या आत राहील असे माप ठेवल्यावर पंखा इकडची तिकडची गरम हवा न फिरवता रेडिएटरमधूनच हवा ओढतो. कुठल्याही पत्र्याचे काम करणाऱ्याकडून हा होतो आणि माझ्या मते पंख्याआधी हाच करावा. जाळीपुढे हौसेने लावलेले जादा दिवे काढले, तर तो फायदा फुकटचा.

होज पाइप साध्या रबराचे घेतले. खालच्या पाइपात तारेची स्प्रिंग हवीच, नाहीतर पंपाच्या ओढीने तो चपटा होतो; दुकानदार ती देत नसेल तर जुन्या पाइपातली काढून, गंज घासून, नव्यात घालावी. कूलंट जुन्या पद्धतीचे हिरवे वापरले, कारण नव्या दीर्घायुषी कूलंटांपैकी काही कथलाच्या डाखांना मानवत नाहीत. ते पातळ करण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात आणि ते पाणी आत गेले की रेडिएटर आतूनच खाल्ला जातो.

भाग मिळण्याची अडचण पुढे वाढणारच आहे. मुंबईत टॅक्सी होत्या तोवर पद्मिनीच्या सामानाला रोजचे गिऱ्हाईक होते; ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी सेवेतून उतरली. मुंबईत कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारात जाणे होणार असेल तर वॉटर पंपाचे दुरुस्ती किट आणि दोन फॅन बेल्ट आणून ठेवावेत, परंतु रबर पडून पडून तडकते, म्हणून बेल्ट उलटा वाकवून, भेगा पाहूनच पैसे द्यावेत. रेडिएटरसाठी मात्र चिपळूणच्या पुढे जाण्याची गरज मला वाटली नाही.