40 चा स्टिकर, 30 चं मशीन

गेल्या दिवाळीत मी बोटीचं जुनं आउटबोर्ड मशीन (मागे बाहेरून लावायचं इंजिन) देऊन दुसरं घेतलं आणि रीतसर फसलो. जुन्याचे 70 हजार धरले, वर 2 लाख 15 हजार मोजले. पुण्यात बोटीची जुनी मशिनं शोधणारे फार नाहीत, पण जे आहेत ते सगळे फिरून त्याच दोन-चार जाहिरातींवर येतात, म्हणून लिहितोय.

आमची बोट सोळा फुटी, फायबरची. अमेरिकेत बास नावाच्या माशासाठी बनवतात त्या घाटाची: बुटकी, चपटी, पुढे उभं राहून गळ टाकायला मोकळा ओटा. आपल्याकडे बास नाही. उजनीत आम्ही मरळ आणि चिलापीच्या मागे असतो. एरवी ती धायरीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये ट्रेलरवर उभी असते. त्यावरून वर्षातून दोनदा मीटिंगमध्ये भांडण होतं, ते सोडा.

जुनं मशीन 40 एचपीचं टू-स्ट्रोक होतं. वारा पडलेला, बोटीत दोघं, टाकी भरलेली, अशा दिवशी मोबाइलच्या जीपीएसवर ताशी 45 किलोमीटर. डायरीत नोंद आहे. पण पेट्रोल ढोसायचं, 50 लिटरला लिटरभर ऑइल मिसळायचं, आणि सुरू केलं की भिगवणचे बगळे उठायचे. त्यात 2024 च्या मे महिन्यात वादळी वाऱ्यात कुगाव-कळाशीच्या मध्ये प्रवासी बोट उलटून सहा जण गेले. तेव्हापासून घरात एकच धोशा, भरवशाचं मशीन घ्या नाहीतर उजनी बंद करा.

नगर रोडच्या आत एका गोडाऊनमध्ये जुनी मशिनं विकणारा हा गृहस्थ भेटला. 40 एचपी, फोर-स्ट्रोक, 120 तास चाललेलं, कुठल्याशा रिसॉर्टचं, कायम गोड्या पाण्यातलं. पाण्याच्या पिंपात बुडवून चालू करून दाखवलं. आवाज इतका कमी की चालू आहे का हे बघायला मी हुडवर हात ठेवला. तिथेच निम्मा विरघळलो. पाण्यात ट्रायल मागितली तर म्हणाला, "सर, डॅमवर परवानगीची कटकट नको. व्हिडिओ पाठवतो." व्हिडिओत मोबाइलवर 32 चा आकडा. "नॉट्समध्ये आहे, सर." म्हणजे 59 किलोमीटर! एकक फ्रेमच्या बाहेर होतं, हे मला फार उशिरा दिसलं. तो आकडा किलोमीटरचाच असणार.

मग ठरलेला संवाद. 50 हजार फोनवरून पाठवा, बाकी रोख द्या, जीएसटी वाचेल. मी पुणेकर; जीएसटी वाचेल म्हटल्यावर मान आपोआप हलली. बिलावर लिहिलं, 'जुने यंत्र भाग, रु. 50,000'. ते वाचून मी हसलो होतो.

पहिल्याच रविवारी भिगवणला बोट पाण्यात सोडली. मागची बाजू जरा बसलेली. थ्रॉटल पूर्ण दिला तर नाक वर करून बराच वेळ ओढत राहिली, मग कशीबशी पाण्यावर चढली. जीपीएसवर 37. पुन्हा उलट दिशेने नेली, 37.

फोन केला. "फोर-स्ट्रोक आहे सर. वजन जास्त, पिकअप कमी. पण अ‍ॅव्हरेज बघा!"

त्याचं कसब इथे होतं. तो बोलला त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला स्फोट, फोर-स्ट्रोकमध्ये एकाआड एक, त्यामुळे त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक सुरुवातीला मंद वाटू शकतं. वजन खरंच वीसेक किलोने जास्त होतं. पेट्रोलही खरंच कमी लागत होतं. दरवेळी मी तक्रार करायचो, तो एक खरी गोष्ट सांगायचा, आणि मी फोन ठेवायचो. असे दोन महिने गेले.

मग फेरे मोजणारा मीटर बसवला. पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला 4700 फेरे. या मशीनला 5000 ते 6000 हवेत. हे सांगितल्यावर त्याने 14 हजारांचा नवा पंखा (प्रोपेलर) विकला, 13 पिचच्या जागी 11. फेरे 5150 झाले. "बघा सर, आलं ना रेंजमध्ये!" वेग? 37.

त्या रात्री डायरी घेऊन बसलो. 13 पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात कागदावर 13 इंच पुढे जातो. गिअर दोनास एक, म्हणजे मशीनच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक. 4700 फेऱ्यांना हिशेब साडेसेहेचाळीस किलोमीटरचा येतो. पाण्यात 20 टक्के घसरण, हातात 37. 11 पिचला 5150 फेऱ्यांवर 43 येतात. घसरण 14 टक्के, हातात पुन्हा 37. पंखा बदलून फेरे वाढले, घसरण कमी झाली, बोट मात्र होती तिथेच. म्हणजे मशीनमध्ये होतं नव्हतं ते दोन्ही वेळा बाहेर आलं होतं. अशा बोटीचा वेग ढोबळमानाने ताकदीच्या वर्गमुळाने बदलतो. 40 एचपी आणि वर वीस किलो, तर 45 चे फार तर 44 व्हायला हवेत. 37-38 यायला ताकद 30 असावी लागते. भोसरीत वीस वर्षं मशीन शॉप चालवणाऱ्या माणसाला हे गणित दोन महिन्यांनी सुचावं, याची लाज पैशांहून जास्त वाटली.

खाऱ्या पाण्याचं नानांनी ओळखलं. भिगवणला आमची बोट सोडायला तेच मदत करतात. तरुणपणी काही वर्षं ससून डॉकला होते. क्लॅम्पचा बोल्ट फिरेना म्हणून त्यांनी हातोडीने ठोकला, तर आट्यांमधून पांढरी भुकटी गळाली. ती चिमटीत घेऊन म्हणाले, "सायेब, हे मशीन गोड्या पान्यातलं न्हाई."

मुंबईहून मेकॅनिक बोलावला. त्याने लॅपटॉप जोडला, तास निघाले 1,140. थर्मोस्टॅटचं झाकण काढलं तर पाण्याच्या वाटेत खारी पुटं, गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा खाऊन संपलेला. मग त्याने हुड उजेडात तिरपं धरलं. '40' च्या स्टिकरखाली आधीच्या स्टिकरच्या गोंदाची कड स्पष्ट दिसत होती. ब्रॅकेटवरच्या नंबरप्लेटला नवेकोरे, चकचकीत पॉप रिव्हेट. बाकी सगळं काळवंडलेलं. ब्लॉकवरच्या गोल प्लगवर दुसराच नंबर कोरलेला, आणि तो 30 एचपीचा निघाला. काही कंपन्या तीन सिलिंडरच्या एकाच ब्लॉकवर 30 आणि 40 अशी दोन्ही मशिनं काढतात. आकार तोच, वजन तेच. बाहेरून फरक फक्त स्टिकरचा, म्हणजे वीस मिनिटांचं काम.

हुड काढायला दोन खटके असतात. गोडाऊनमध्ये मी ते उघडले असते तर त्याच उजेडात हे सगळं दिसलं असतं. गिअर ऑइल थोडं काढून दुधाळ आहे का, म्हणजे आत पाणी शिरलंय का, बघता आलं असतं, लॅपटॉपवाल्याला सोबत नेता आलं असतं, स्वतःच्या बोटीवर लावून बघितल्याशिवाय रोख देणार नाही म्हणता आलं असतं. मी हात ठेवून आवाज ऐकत होतो.

पोलीस चौकीत बिल दाखवलं. हवालदारांनी ते दोनदा वाचलं. "यंत्र भाग घेतलेत तुम्ही. मशीन कुठाय यात?" रोख 1 लाख 65 हजारांचा कागद शून्य. 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. 5 लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. माझ्या बाजूने एकच भक्कम गोष्ट आहे: सौद्याआधी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतः टाइप केलेलं '40 एचपी, 120 तास, गोडं पाणी'. बाकी सगळं बोलणं फोनवर झालं, ते हवेत गेलं. तुम्ही मात्र त्याला टाइप करायला लावा.

मागच्या महिन्यात भिगवणला उभा होतो. लांबून एक आवाज आला आणि नानांनी माझ्याकडे बघितलं. निळा धूर सोडत एक हिरवी बोट आमच्या पुढून सुसाट गेली, मागे माझं जुनं टू-स्ट्रोक. काठाला लागल्यावर त्या पोराला विचारलं, कितीला घेतलं? म्हणाला, "दीड लाख, काका. फक्त 60 तास चाललंय."