शाळेसाठी निधी: लोकवर्गणी, आनंद मेळावा, माजी विद्यार्थी की सीएसआर?

दीडशे पटाच्या जिल्हा परिषद शाळेला 60 हजार रुपये हवेत असे धरू. काम ठरलेले आहे: हात धुण्यासाठी नळांची रांग, वर टाकी आणि एका वर्गाला फरशी. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेच्या निकषांत एवढ्या पटाला वर्षाचे 50 हजार रुपये शाळा अनुदान धरलेले आहे, पण ते वीजबिल, स्टेशनरी आणि किरकोळ दुरुस्तीतच जाते. उरलेला मार्ग गावाकडे वळतो. शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणून निर्णयही त्यांनीच घ्यायचा आहे.

आधी आनंद मेळाव्याचा हिशेब मांडू, कारण सगळ्यात आधी तोच सुचतो. भेळेचा एक स्टॉल घ्या. 1 किलो चुरमुऱ्यात साधारण 45 प्लेट होतात. चुरमुरे 80, शेव 120, कांदा 45, टोमॅटो 30, चटण्या 60, द्रोण 45, म्हणजे खर्च 380 रुपये. 10 रुपयांना प्लेट विकली तर हाती राहतात 70. 15 रुपये लावले तर 295, पण मुलांच्या खिशात तेवढे नसतात. शिवाय साहित्य पालकांनी आणले असेल तर नफाही त्यांचाच. शाळेकडे येते ते स्टॉलभाडे: 25 स्टॉलचे प्रत्येकी 100 म्हणजे अडीच हजार. मंडप आणि स्पीकर भाड्याने आणला तर तेही गेले. मेळावा जरूर भरवा, मुले सुट्टे पैसे मोजायला आणि नफा-तोटा मांडायला शिकतात ते मोलाचे आहे, पण फरशी त्यातून होणार नाही. भरवाल तेव्हा थंडीत भरवा. उन्हाळ्यात ओल्या नारळाची चटणी दुपारपर्यंत आंबते. 5 आणि 10 रुपयांची कुपने एकाच टेबलावर विका, नाहीतर प्रत्येक स्टॉलवर सुट्ट्यांचा खोळंबा होतो.

लोकवर्गणीला खर्च जवळजवळ शून्य. 220 उंबऱ्यांच्या गावात 120 घरांनी सरासरी 300 दिले तरी 36 हजार होतात. सगळे यश वेळेवर आहे. सोयाबीनच्या पट्ट्यात माल विकल्यावर, ऊसपट्ट्यात बिल जमा झाल्यावर, कोकणात गणपती किंवा शिमग्याला चाकरमानी घरी आलेले असताना फिरा. पेरणीच्या तोंडावर कुणाच्या हाती पैसा नसतो, आणि एकदा नकार दिलेले घर त्या वर्षी पुन्हा उघडत नाही. "शाळेसाठी" असे मोघम मागू नका. "6 नळ, 1 हजार लिटरची टाकी" असे कागदावर दाखवा.

वर्गणी दोन ठिकाणी बुडते. पहिले, जत्रेच्या स्टेजवर पुकारलेली रक्कम: टाळ्या तेव्हाच मिळतात, पैसे मात्र मागत फिरावे लागतात. म्हणून फलकावर पुकारलेली नव्हे, जमा झालेली रक्कमच लिहा. दुसरे, पावतीपुस्तक: क्रमांक छापलेली पुस्तके कुणाकडे कोणती दिली याची नोंद नसली की संशय सुरू होतो, आणि पुढच्या वर्षी दारे बंद. पैसे अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या संयुक्त खात्यात त्याच आठवड्यात भरा. कुणाही शिक्षकाच्या मोबाइलवरचा क्यूआर कोड वापरू नका. मुलांना पावतीपुस्तक देऊन दारोदार पाठवू नये, यावर आम्ही ठाम आहोत: कमी आणणारे मूल वर्गात खाली मान घालून बसते. आणि प्रवेश किंवा दाखला देताना वर्गणी घेतली तर ती देणगी राहत नाही. प्रवेशाच्या वेळी असे शुल्क घेण्यास शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 13 नुसार बंदी आहे.

माजी विद्यार्थ्यांकडून एका वेळी मोठी रक्कम येते, पण प्राथमिक शाळेची एक अडचण असते. दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप हायस्कूलचा असतो. चौथीपर्यंतच्या शाळेची आठवण त्यात मागे पडते. उपाय शाळेच्या कपाटातच आहे: जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेशाची नोंदवही. त्यातून वर्षनिहाय नावे काढा, प्रत्येक वर्षाला गावातलाच एक माणूस गाठा आणि फोन त्यालाच करू द्या. यादी आणि संपर्काला दोन-तीन महिने लागतात. मेळावा ठेवलाच तर चहा-पोह्यांवर ठेवा. जेवणावळीत निम्मी देणगी संपते. भिंतीवर नाव कुणाचे, केवढ्या अक्षरात, हे आधीच ठरावात लिहा. कुणी 80जी ची, म्हणजे देणगीवर आयकर सवलत मिळवून देणारी पावती मागितली तर नोंदणी नसताना हो म्हणू नका. नोंदणी असली तरी 2 हजारांवरील रोख देणगीला ती सवलत नाही.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामांसाठीचा निधी, 60 हजारांसाठी नव्हे, 5-10 लाखांच्या वर्गखोलीसाठी. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 खाली येणाऱ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्चावे लागतात, आणि अशा खर्चाला मान्य कामांच्या यादीत शिक्षण आहे. पण आराखडा एप्रिल ते मार्च वर्षावर चालतो, त्यामुळे फेब्रुवारीत दिलेला अर्ज बहुधा पुढच्या वर्षावर जातो. यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), पट, सध्याचे फोटो, तीन दरपत्रके, समितीचा ठराव आणि शिक्षण विभागाची संमती एकाच फाइलमध्ये ठेवा. तपशील अर्धवट असला की फाइल तिथेच पडून राहते. वस्तूच हवी असेल तर केंद्राच्या विद्यांजली पोर्टलवर सरकारी शाळेला आपली गरज नोंदवता येते.

रद्दी हा छोटा पण शांत मार्ग. बारा पानी दैनिक साधारण 50 ग्रॅमचे, म्हणजे घरटी महिन्याला दीड किलो. 100 घरांतून तीन महिन्यांनी 450 किलो, किलोला 12 रुपये मिळाले तर 5,400. पेपर घेणारी घरे असलेल्या मोठ्या गावात किंवा शहरातच जमते. लकी ड्रॉ टाळा. परवानगीशिवाय लॉटरी चालवणे गुन्हा आहे.

आमच्या मते या 60 हजारांसाठी पिकाचा पैसा हाती आल्यावर लोकवर्गणी घ्यावी आणि उरलेल्या 24 हजारांसाठी दिवाळीतच रजिस्टर उघडून माजी विद्यार्थ्यांची यादी सुरू करावी. जमलेल्यातून 3-4 हजार बाजूला ठेवा: मुलांच्या हाताखाली नळाच्या तोट्या वर्षभरात गळू लागतात, आणि त्यांच्यासाठी दुसऱ्यांदा वर्गणी मागता येत नाही.