रत्नागिरीत कार्ड खेळायला मस्त जागा, फक्त फॉइल (चमकदार) कार्डं बघून घ्या
रत्नागिरीत मॅजिक द गॅदरिंग ह्या कार्डांच्या खेळाची सुटी कार्डं मिळतील असं वाटलं नव्हतं, पण ह्या दुकानात मिळतात आणि रविवारी टेबल लावून खेळू पण देतात. भाव ठीक. खरी मजा म्हणजे काउंटरवरचा दादा, नियम एकदम तोंडपाठ. माझ्या क्रीचरवर (लढणाऱ्या कार्डावर) समोरच्याने पॅसिफिझम हे पांढरं ऑरा (दुसऱ्या कार्डाला चिकटणारं जादूचं कार्ड) टाकलेलं, म्हणजे ना हल्ला ना ब्लॉक, नुसतं बसून राहायचं, मी क्रीचरला पांढऱ्यापासून प्रोटेक्शन (त्या रंगाच्या कार्डांपासून बचाव) दिलं तर समोरचा म्हणे आधीच लागलेलं ऑरा कशाला निघेल, प्रोटेक्शन फक्त नवीन टार्गेट अडवतं. दादा म्हणाला, नाय रे, त्या रंगाचं ऑरा चिकटून राहूच शकत नाही, सरळ ग्रेव्हयार्डात, म्हणजे बाद कार्डांच्या ढिगात. इक्विपमेंट (क्रीचरला द्यायचं हत्यार वगैरे) असतं तर नुसतं सुटून टेबलावर पडून राहिलं असतं, आणि तसंही बहुतेक इक्विपमेंटला रंगच नसतो त्यामुळे रंगाच्या प्रोटेक्शनने ती हलतच नाहीत. सोर्ड ऑफ फायर अँड आइस ही इक्विपमेंटमधली तलवार घेणार असाल तर सांभाळून, लाल-निळ्यापासून वाचवते खरी पण त्याच क्रीचरवरचं तुमचं स्वतःचं निळं ऑरा पण पाडते!

तक्रार एकच. फॉइल कार्डं उघडी ठेवतात, आणि आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत ती पापडासारखी वळतात. स्लीव्हमधलीच (प्लास्टिकच्या पाकिटातली) मागा.