चाटण वीट: पेंढ्यावरच्या कालवडींना किती लागू पडते?

आमच्या गुहागरच्या बाजूला दिवाळी सरली की गुरांपुढे भाताचा पेंढा आणि सड्यावरचं वाळलेलं गवत, बस्स. त्यातही पेंड मिळते ती दुभत्या गाईला. कालवडींचं काय, त्या अजून दूध कुठे देतात! शिमग्यापर्यंत त्यांच्या बरगड्या दिसू लागतात. म्हणून यंदा युरिया, मळी आणि खनिजांची तीन किलोची चाटण वीट आणली आणि गुरांच्या डॉक्टरांच्या मागे लागून विटेआधी नि नंतर दोन्ही कालवडींचं रक्त तपासून घेतलं. "ताई, विटेपेक्षा तपासणी महाग पडेल," म्हणाले. पडलीच.

मानेच्या शिरेतून रक्त काढलं, दोन्ही वेळा सकाळी चाऱ्याआधी, कारण खाल्ल्यावर आकडे हलतात. साखरेसाठी राखाडी टोपणाची नळी. साध्या नळीत रक्तपेशीच साखर खाऊन टाकतात म्हणे.

आधी रक्तातलं युरिया नायट्रोजन, म्हणजे चाऱ्यातून प्रथिनं किती मिळतात याची खूण, डेसिलिटरला 10 मिलिग्रॅमच्याही खाली होतं. पेंढ्यात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के, कोटीपोटातले, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटातले, चारा पचवणारे जंतू उपाशीच. विटेतल्या युरियाचा तिथे अमोनिया होतो, मळीच्या जोरावर जंतू त्याची प्रथिनं करतात आणि उरलेला यकृतातून पुन्हा युरिया होऊन रक्तात येतो. दुसऱ्या खेपेला आकडा वर आला. त्याहून मला पटलं ते गव्हाणीत: रोज उष्टा राहणारा पेंढा साफ होऊ लागला. भिंत चाटणं, दोरी चघळणंही कमी झालं.

साखर मात्र होती तिथेच. गाय ती आपल्या यकृतात बनवते, सहसा ढळू देत नाही. परदेशात मांसासाठी वाढवलेल्या कालवडींना नुसत्या गवतावर पेंड घातली तरी आधी युरियाच वाढतो, असं डॉक्टर म्हणाले. अंग भरायचं तर वर कोंडा किंवा मका हवाच. गिरणीतला कोंडा सुरू केल्यावरच कालवडी अंगाने सुधारल्या. नुसत्या विटेवर विसंबू नका.

आता तक्रार. वेष्टनावर युरिया किती टक्के, छापलेलंच नाही. सहा महिन्यांखालच्या वासराला ही देऊ नये, हेही नाही. दुकानदार म्हणतो, "सगळेच नेतात." वीट दगडासारखी कडक हवी, जिभेने झिजेल अशी, आमच्या एका विटेचा कोपरा मऊ निघाला आणि धाकट्या कालवडीने तुकडाच तोडला. थोडक्यात निभावलं. युरिया जास्त गेला तर लाळ गळते, अंग थरथरतं, पोट फुगतं. ताबडतोब डॉक्टरांना बोलवायचं आणि ते येईपर्यंत द्यायला व्हिनेगर घरात असू द्यायचं.

मृगाच्या आत वीट उतरवा. आमच्याकडची दमट हवा तिला पाझर फोडते, आणि हिरवा चारा आल्यावर तिची गरजही उरत नाही. पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा घेईन, पण दुसऱ्या कंपनीची आणि दुकानातच नखाने कोपरा दाबून बघून.