बारा दिवसांची बोट, सात किलोंची बॅग आणि लोकरीचे दोन इनर

फेब्रुवारीत आम्ही दोघं नॉर्वेच्या हर्टिग्रुटन बोटीनं बर्गनहून किर्केनेसला जाऊन परत आलो. बारा दिवस, चौतीस बंदरं. ही बोटसेवा १८९३ पासून चालू आहे आणि आजही माणसांबरोबर माल वाहते. रात्री-अपरात्री एखाद्या छोट्या गावाच्या धक्क्याला लागते, पेट्या उतरवते आणि पुढे निघते. जेवायला लोक स्वेटर घालूनच येतात, त्यामुळे साड्या, दागिने, चांगल्या चपला हे सगळं मी घरीच ठेवलं. माझी बॅग सात किलोंची झाली.

पण मला सांगायचंय ते मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीच्या इनरबद्दल, म्हणजे आत अंगालगत घालायच्या कपड्यांबद्दल. मी पुण्यातून २०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटर कापडाचं वजन २०० ग्रॅम) दोन जोड्या घेतल्या. एका जोडीला साडेआठ हजार पडले. घरात सगळ्यांनी वेड्यात काढलं, कारण लक्ष्मी रोडवर तेवढ्यात सहा साधे थर्मल आले असते. बारा दिवस वापरून सांगते, पैसे वसूल झाले.

त्याची परीक्षा खरं तर ह्यांच्यावरच झाली. विमान बदलताना ह्यांची तेवीस किलोंची बॅग मागेच राहिली आणि बोट तर रात्री साडेआठला सुटणार. बर्गनमध्ये धावत जाऊन एक मेरिनोची जोडी, पायमोजे आणि कानटोपी घेतली. बॅग भेटली ती पाचव्या दिवशी, ट्रॉम्सोच्या धक्क्यावर. तोवर हा माणूस त्या एका जोडीवर आणि अंगावरच्या पँट-जॅकेटवर राहिला, आणि कपड्यांना घामाचा वास नाही! घरी पॉलिएस्टरचा थर्मल दुसऱ्या दिवशी जवळ धरवत नाही. बॅग आल्यावर त्यातले तीन जाड स्वेटर शेवटपर्यंत घडीचेच राहिले. बोटीच्या आत चांगलं उबदार असतं, तिथं ते अंगावर ठेवणं शक्यच नाही.

धुण्याची पद्धत नीट सांगते, कारण कमी कपड्यांचं सगळं गणित त्यावर आहे. रात्री बेसिनमध्ये कोमट पाणी, थोडा शाम्पू. पिळायचं नाही, लोकर ताणली जाते. कोरड्या टॉवेलवर इनर पसरायचा, टॉवेलसकट त्याची वळकटी करायची आणि तिच्यावर पाय देऊन उभं राहायचं. टॉवेल सगळं पाणी ओढून घेतो. आमच्या केबिनच्या बाथरूमची फरशी गरम होती, तिथं पसरला की सकाळी कोरडा. गरम पाण्यात मात्र घालू नका, आटतो.

चौथ्या दिवशी बोट आर्क्टिक वृत्त ओलांडते. मग डेकवर समुद्रदेवाचा वेश केलेला माणूस मानेतून पळीभर बर्फाचं पाणी ओततो. मी हौसेनं पुढे झाले. पाठ कमरेपर्यंत भिजली, दोन मिनिटं जीव कळवळला, पण नंतर तो ओला इनर अंगावर असूनही हुडहुडी भरली नाही. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल पोटात घेतो आणि तरी अंगाला ओला लागत नाही, हे वाचलं होतं. ते त्या दिवशी पाठीला समजलं. सुती बनियन असता तर केबिनकडे पळावं लागलं असतं.

आणि एक रात्र. पावणेएकला केबिनमधल्या स्पीकरवरून सांगितलं, आकाशात ध्रुवीय प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) दिसतोय. मी इनर घालूनच झोपत होते. वर पँट, वाऱ्याचं जॅकेट, कानटोपी, बूट, की थेट डेकवर. हिरवा पट्टा डोंगरामागून वर चढत होता, मधेच पडद्यासारखा हलला, आणि दहा मिनिटांत विरलाही. शेजारच्या केबिनमधल्या बाई थरावर थर चढवून आल्या तेव्हा नुसते ढग उरले होते. मला फार वाईट वाटलं त्यांच्यासाठी.

दोष आहेतच. बॅगेच्या पट्ट्यानं घासून खांद्याजवळ नवव्या दिवशी बारीक भोक पडलं. एवढ्या किमतीच्या कपड्याला हे व्हायला नको होतं. १५० जीएसएमचे तर आणखी नाजूक असणार, म्हणून मी २०० च्या खाली जाणार नाही. आणि नुसत्या इनरवर वारा अडत नाही. किनाऱ्यालगत समुद्राचा प्रवाह उबदार असल्यानं बंदरं गोठत नाहीत, पारा बऱ्याच ठिकाणी उणे तीन-चारच होता. पण डेकवरचा वारा झोंबतो. जॅकेट जाड नसलं तरी चालेल, वारा अडवणारं हवं. किर्केनेसला उणे सतरा होतं, तिथं मी दोन्ही इनर एकावर एक घातले.

स्वेटरच्या जागी बॅगेत एकच गोष्ट आणखी घाला: बुटांवर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे. ट्रॉम्सोच्या उतारावर काचेसारखा बर्फ होता आणि माझ्या डोळ्यांदेखत दोघं पडले.

इनर घेताना माप अंगासरशी घ्या, सैल घेतला तर ऊब धरत नाही. ते भोक मी घरच्या लोकरीनं रफू केलंय. जानेवारीत धाकटी बहीण स्पितीला निघालीय, तीच जोडी तिच्या बॅगेत जाणार आहे.