तीन डुकरं, मोकळ्या कोंबड्या आणि सोलापूरचं ऊन: शेडचा वापरानंतरचा अनुभव

१० बाय ८ फुटांचं छपराचं शेड, त्याला लागून १० बाय १२ चं उघडं आवार, आत लार्ज व्हाइट यॉर्कशायर रक्ताची तीन संकरित डुकरं आणि बाहेर वस्तीभर मोकळ्या फिरणाऱ्या गावरान कोंबड्या. फेब्रुवारीत वापर सुरू झाला. मे महिन्याचं ऊन आणि सप्टेंबरचा पाऊस दोन्ही या बांधकामावरून गेले, त्यामुळे काय टिकलं आणि काय कुचकामी निघालं हे आता नेमकं लिहिता येतं. मत आधीच सांगून टाकतो: डुकराला आत ठेवणं सोपं आहे, कोंबडीला बाहेर ठेवणं अवघड. आराखडा काढताना सगळं लक्ष डुकराच्या ताकदीकडे जातं आणि कोंबडीचा विचार जाळी मारायच्या दिवशी होतो.

कोंबडी आत गेली तर बिघडतं काय? एक म्हणजे ती कुंडीच्या काठावर बसून खाद्यात हगते. साल्मोनेला, पक्ष्यांचा क्षय, एरिसिपेलास हे रोग या वाटेने इकडून तिकडे जाऊ शकतात. दुसरं, खाद्याची अदलाबदल. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, वाढत्या डुकराला एक टक्कासुद्धा लागत नाही. जादा कॅल्शियमने जस्त अंगी लागत नाही आणि कातडीवर खपल्या धरतात. उलट डुकराच्या खाद्यावर ताव मारणाऱ्या कोंबडीची अंडी पातळ कवचाची होतात. तिसरं, कोंबडी पाचटात अंडी घालते, डुक्कर ती खातं, आणि एकदा चव लागली की पुढचा नंबर पिलांचा.

जागा ठरवताना वारा बघावा. वर्षातले बरेच महिने वारा पश्चिमेकडून असतो, म्हणून शेड घराच्या पूर्वेला, विहीर किंवा बोअरपासून निदान ५० फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. खुराडा दुसऱ्या टोकाला, ३०-४० फुटांवर. एक भिंत वाचते म्हणून खुराडा शेडला चिकटवायचा मोह होतो, तो टाळावा. लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन आत कमी शिरतं. छपराखाली प्रत्येक डुकराला १० ते १५ चौरस फूट पुरतात असं सांगतात. सोलापुरात त्याच्या दुप्पट धरावी, कारण उकाड्यात ती एकमेकांना खेटून झोपत नाहीत, पसरतात.

पाया काळ्या रानात मुरमापर्यंत न्यायलाच हवा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा कोबा घेऊन फुटते. माती काढून फूटभर मुरूम, पाणी मारून धुमसून, त्यावर ४ इंच १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट. उतार ४० फुटांना १ फूट, म्हणजे १० फुटांत ३ इंच. शहाबादी फरशी आपल्याकडे स्वस्त आणि हाताशी, त्यामुळे गवंडी तीच सुचवतो. ती नको. शेणमूत पडलं की ती निसरडी होते, ८०-९० किलोचं जनावर पाय फाकून पडतं आणि मागचे पाय गेले की ते उठत नाही. ओल्या काँक्रीटवर खराटा फिरवून खरबरीत ठेवावं, रेघा उताराच्या दिशेने, नाहीतर धुताना पाणी अडतं.

भिंत ४ फूट पुरते, पण तिचा माथा सपाट सोडू नये. सपाट माथा म्हणजे कोंबड्यांना बसायला आयती जागा आणि खाली बरोबर खाद्याची कुंडी. माथ्याला बाहेरच्या बाजूने तिरका गिलावा केला की पाय ठरत नाही. भिंतीच्या वर छपरापर्यंत एक इंची वेल्डमेश जाळी. शेडमधून आवारात जायच्या दोन फुटी वाटेला दार न लावता जाड रबराच्या पट्ट्या टांगल्या आहेत. डुकरं त्या ढकलून सहज ये-जा करतात, कोंबड्या सहसा वाटेला जात नाहीत. सगळ्या कामात सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त उपयोग या पट्ट्यांचा झाला. आवारात मात्र कोंबड्या येतात, त्याला इलाज नाही. तेवढ्यावर वरून जाळी घालणं तीन डुकरांसाठी परवडत नाही. पिलांवाली कोंबडी तेवढी वेगळी ठेवावी.

फाटकाबद्दल एवढंच ध्यानात ठेवा: डुक्कर दार ढकलत नाही, उचलतं. नाक खाली घालून मान वर करतं आणि दोन्ही बिजागऱ्या सरळ असतील तर दार अलगद निघून येतं. वरची बिजागरी उलटी बसवून घ्या, खालची फट दीड इंचाच्या आत ठेवा. चेनलिंक जाळीचंही तेच, खालून गुंडाळून वर काढतात. आवाराला खाली फूटभर दगडी बांधकाम आणि वर दोन इंची पाइपचे आडवे दांडे, हे टिकलं.

आता पाणी. शेड चांगलं की वाईट ते इथे ठरतं. मोठ्या डुकराला दिवसाला ८ ते १२ लिटर प्यायला लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. तीन डुकरांना दोन निप्पल (तोंडाने दाबलं की पाणी सोडणारी तोटी) हवेत, खांद्याच्या उंचीला, आणि उंची जनावराबरोबर वाढवता येईल अशा पट्टीवर. निप्पलखाली लिटरची बाटली धरावी, मिनिटाभरात भरली पाहिजे. ५०० लिटरची टाकी ७-८ फूट उंच कट्ट्यावर ठेवली की दाब पुरतो, पण निप्पल कमी दाबाचा मागून घ्यावा. आमच्या भागातल्या जड बोअरच्या पाण्याने त्यात क्षार धरतात, थेंब थेंब गळू लागतं किंवा बंदच पडतं. महिन्यातून एकदा काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवला की मोकळा होतो. काळी नळी उघड्यावर टाकली तर दुपारी पाणी चटका बसेल इतकं तापतं आणि डुक्कर तोंड लावत नाही. नळी फूटभर खोल पुरावी.

वीज गेली, टाकी रिकामी राहिली आणि दीड दिवस पाणी मिळालं नाही तर अंगातल्या मिठाचं विष होतं. जनावर गोल फिरतं, भिंतीला डोकं टेकतं, झटके येतात. अशा वेळी एकदम पोटभर पाणी पाजलं तर मेंदूला सूज येऊन मरतं. थोडं थोडं पाजावं आणि डॉक्टरांना बोलवावं. लोणचं, पापड, खारवलेलं उरलंसुरलं कुंडीत टाकू नये ते याचसाठी.

डुकराला घाम जवळपास येत नाही, म्हणून ४२-४३ अंशांत ते अंग ओलं करायला काहीही शोधतं, शेणमूतसुद्धा. निप्पल उताराच्या खालच्या कोपऱ्यात आणि कुंडी विरुद्ध टोकाला ठेवली, पहिल्या दिवशी तो कोपरा भिजवून थोडं शेण टाकलं, की डुकरं तिथेच घाण करतात आणि झोपायची जागा कोरडी राहते. मात्र छप्पर तापलं की ही शिस्त मोडते. पत्र्यावर सहा इंच उसाचं पाचट दोरीने बांधून टाकलं तर फरक हाताला कळतो. कडबा त्यासाठी वापरू नये, तो जनावरांच्या तोंडचा घास आहे. ड्रिपच्या दुकानातला मायक्रो स्प्रिंकलर टायमरवर लावून ११ ते ५ दोन मिनिटं चालू, वीस मिनिटं बंद ठेवला तर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो, कारण गारवा पाणी उडून जाताना मिळतो. फॉगर नको, बारीक थेंब वाऱ्यावर जातात. लोळायच्या डबक्याची भरपूर तारीफ होते, पण त्यातलं घाण पाणी कोंबड्या पितात. डबकं नसलेलंच बरं.

मागच्या चारणीच्या तुकड्याला सौर झटका मशीन लावलं, तारा ८ आणि १६ इंचांवर. कोंबड्या खालून निघून जातात, डुकरं नाकाला एकदा बसल्यावर लांब राहतात. उन्हाळ्यात मात्र झटका अचानक मंदावतो. दोष मशीनचा नसतो, कोरड्या भेगाळलेल्या मातीत अर्थिंग मिळत नाही. तीन सळया दहा-दहा फुटांवर ठोकून त्यांच्या बुडाशी रोज बादलीभर पाणी ओतावं लागतं.

खाद्य देण्याची वेळ बदलली की निम्मी जाळी वाचते. पहाटे सहाला, खुराडा बंद असतानाच डुकरांना खाद्य द्यावं. अर्ध्या तासात संपेल एवढंच. मग कुंडी धुऊन झाकण टाकावं. कोंबड्या नऊ-दहाला सोडाव्यात, तोवर बहुतेक अंडी खुराड्यातच पडलेली असतात. संध्याकाळी उलट क्रम: दिवेलागणीला कोंबड्या आत, मग डुकरांची दुसरी पाळी. उन्हाळ्यात डुकरं याच गार वेळी नीट खातात. कुंडी म्हणजे अर्धा सिमेंट पाइप, डुकरामागे एक फूट, भिंतीतून बाहेर काढलेली. प्लास्टिकचा कापलेला ड्रम चावून संपवतात.

शेंगदाणा पेंड बुरशी आलेली, कुबट वासाची असेल तर दोघांनाही देऊ नये, अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाने यकृत जातं. हॉटेलचं खरकटं नीट उकळल्याशिवाय नको आणि त्यात डुकराचं मांस तर उकळूनही नको. २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा मांसातूनही पसरणारा डुकरांचा रोग देशात शिरला, त्यावर उपचार नाही. क्लासिकल स्वाइन फिव्हरची लस आणि कोंबड्यांची राणीखेतची लस मात्र चुकवू नये.

पुन्हा बॅच घ्यायची तर २० किलोची पिल्लं जुलैत आणावीत, म्हणजे ९० किलोच्या आसपासची डुकरं जानेवारीपर्यंत विकून होतात आणि भर उन्हाळ्यात अंगावर चरबी असलेलं जनावर दारात राहत नाही. रिकामं शेड धुऊन, चुना मारून, दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्यावं. शेणाचा ढीग मात्र आवाराबाहेर, कोंबड्यांच्या वाटेपासून दूर आणि झाकलेला. नाहीतर दिवसभर त्या तोच उकरत बसतात.