कार्ड स्कॅनिंगची मर्यादा: एंटरप्राइझ की प्रीमियम?

मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स ३६५ सेल्स या विक्री सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिजिटिंग कार्डाचा फोटो काढला की नाव, हुद्दा, कंपनी, फोन, ई-मेल आपोआप भरले जातात. फक्त हे अमर्याद नाही. एंटरप्राइझ परवान्यात दर माणशी महिन्याला १० कार्डं, प्रीमियममध्ये २००.

किमतीत फरक मोठा. ऑक्टोबर २०२४ च्या दरवाढीनंतर एंटरप्राइझ माणशी महिना १०५ डॉलर, प्रीमियम १५०. म्हणजे पाच जणांच्या टीमला दरमहा २२५ डॉलर जादा. नुसत्या कार्डांसाठी एवढे मोजणं मला तरी परवडणारं वाटत नाही. प्रीमियमचे बाकीचे एआय अहवाल कोणी उघडणार असेल तर गोष्ट वेगळी.

मेहनतीचं म्हणाल, तर तपासणी दोन्हीकडे सारखीच. चकचकीत कागदावर फ्लॅश पडला की आकडा चुकतो, आणि पाठीमागे पेनाने लिहिलेला मोबाइल नंबर तर हमखास राहतो.

महिन्याकाठी चार-पाच नवी गिऱ्हाइकं जोडणाऱ्याला एंटरप्राइझ पुरे, वरची कार्डं हाताने भरावीत. प्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्यांची १० कार्डं मात्र पहिल्याच सकाळी संपतात. तिथे उभ्या राहणाऱ्या एक-दोघांनाच प्रीमियम द्यावं, अख्ख्या टीमला नको.